यंत्राच्या लेखी आम्ही एकच माणूस

ज्या वर्षी आमच्या इमारतीला आठवड्यातून एकदा नळाचं पाणी यायचं आणि उरलेले दिवस टँकरची वाट बघण्यात जायचे, त्या वर्षी माझ्या मोबाईलची अशी ठाम समजूत झाली होती की मी मेंढ्या विकत घेण्याच्या विचारात आहे.

मी तेव्हा संभाजीनगरात, बीड बायपासच्या पलीकडं, एका पाच मजली इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीत राहत होते. आमचे हे तिथं वॉचमन, आणि मी वरच्या चार घरांत स्वयंपाक-भांडी करायची. मेंढ्या बांधायला जागा म्हणाल तर दुचाक्यांच्या मागं एक चटई मावेल एवढी. तरी व्हिडिओ बघायला बसलं की पहिला दिसायचा एक भलामोठा नर, गळ्यात लाल गोंडे, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत त्याचं कौतुक सांगणारा माणूस. अंगठ्यानं वर सरकवलं की दुसरा नर. मग मेंढीबाजार. मग लोकर कातरणं. मग चूक लक्षात आल्यासारखं मध्येच दहावीचं बीजगणित. मग पुन्हा मेंढी.

कारण अगदी साधं होतं. मला ते कळायला दोन महिने लागले.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांना सगळी इमारत बाई म्हणायची, मीही. माझा पहिला मोबाईल त्यांनीच दिला, त्यांचा वापरून झालेला. त्यात माझ्या नावाचं खातं उघडून दिलं, पदर नीट करायला लावून माझा फोटो काढला आणि तो एका बारक्या गोलात कोपऱ्यात बसवला. पुढं दिवाळीला इमारतीतल्या लोकांनी मिळून मला नवा मोबाईल घेऊन दिला. त्या लोकांबद्दल मी आजही वाईट बोलत नाही, आणि पुढं जे लिहिणार आहे तेही वाईट म्हणून लिहीत नाही, घडलं तसं लिहिते. नव्या मोबाईलमध्ये बाईंनी तेच खातं घालून दिलं. जुना मी कन्नडला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती आबांना पाठवला.

आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखतात. आमचं गाव पिशोरच्या अंगाला, पण घर वर्षातले आठ महिने चालत असतं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, माणसं, सगळी कन्नडचा घाट उतरून खानदेशात जातात. तिथले शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. त्यामुळं मला कुणी विचारलं, "तुझं माहेर कुठं गं?" तर मी उलट विचारायची, "कोणत्या महिन्यातलं?"

जुना मोबाईल देताना आतलं सगळं पुसून द्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडं भांडं कुणाच्या घरी रिकामं पाठवत नाहीत. वाटीभर डाळ, गेलाबाजार चिमूटभर साखर तरी घालूनच भांडं जातं. मला वाटलं, बाईंनी इतक्या हौसेनं भरून दिलेला मोबाईल आहे, आबांना रिकामा कसा पाठवायचा? तसाच भरलेला पाठवला. माझ्या खात्यासकट, माझ्या गोल फोटोसकट.

तर त्या दिवसापासून घाटाच्या वर मी आणि घाटाच्या खाली आबा, आम्ही दोघं एकाच खात्यातून बघत होतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

हे बाईंनी उलगडून सांगितलं. एका दुपारी त्यांच्या ओट्यापाशी कणीक मळता मळता मी तक्रार केली, की बाई, हा नवा मोबाईल मला सारखा मेंढ्या दाखवतो. शहरात येऊन सात वर्षं झाली, तरी ह्याला माझी जात-पात कशी कळली? बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल घेतला, चष्मा लावला, इकडं तिकडं दाबलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझं खातं दोन ठिकाणी चालू आहे. जुना कुणाला दिलास?"

"आबांना."

"मग हे तुझे आबा बघतायत." आणि मग त्यांनी मला समजावलं, वर्गात समजवावं तसं. आपण काय बघतो, कशावर थांबतो, काय अर्धं सोडतो, हे सगळं एक यंत्र टिपत असतं. जिथं नजर थांबली, तसलंच पुन्हा पुढं आणतं. त्याला अल्गोरिदम म्हणतात. "त्याला माणूस दिसत नाही, नुसतं थांबणं दिसतं. त्याच्या लेखी तू आणि तुझे आबा मिळून एकच माणूस आहात."

मी तो माणूस डोळ्यांपुढं आणून बघितला. साठीच्या पुढचा, फेटा बांधणारा, मेंढीबाजाराचा शौकीन, ह्या वर्षी दहावीला बसायच्या विचारात असलेला, आणि अधूनमधून मऊ पुरणपोळी कशी करावी ते बघणारा. मला त्याची दया आली.

दहावीचं एवढ्यासाठी, की बाई माझ्या मागं लागल्या होत्या. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे, मी शिकवते. माझी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे, तेव्हाच्या एका दुष्काळात मेंढरं लवकर घाट उतरली, हातांची कमी पडली, आणि माझं नाव पटावर राहिलं पण मी मेंढरांमागं गेले. आबा त्याबद्दल पुढं कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आता भांडी घासता घासता मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून बीजगणिताचे धडे ऐकायची. फॉर्म मात्र भरत नव्हते. नापास झाले तर चार घरांत तोंड कसं दाखवू, हीच धास्ती.

यंत्राचं हे सगळं कळल्यावर मला इमारतीतली भांडणंही समजायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या मोबाईलमध्ये शहराला लवकरच चोवीस तास पाणी मिळणार होतं. त्यांच्याच बायकोच्या मोबाईलमध्ये धरणाचा तळ भेगाळला होता आणि शहाणी माणसं पुण्याला चालली होती. एकाच सोफ्यावर बसून दोघं एकमेकांना अडाणी ठरवत होते. आणि खाली टँकरवाला पाइप गुंडाळत मला म्हणायचा, "आपा, मेरे मोबाइल में तो बारिश हो री. बोलो अब, किसके मोबाइल का पानी भरूं?" इमारतीच्या टाकीत डोकावून बघणारी मी एकटी, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मला खरं तर खातं वेगळं करायचं होतं. पण मग वाटलं, राहू दे. मेंढ्या दिसल्या की कळायचं, आबा जेवून निवांत बसलेत. चार दिवस काही नवीन दिसलं नाही तर मी दहादा वर सरकवून बघायची, की रानात चार्जिंग नाही, की आणखी काही? फोनवर आबा नुसतं "समदं बरं हाय" म्हणायचे. पाण्याचं विचारलं तरी बरं, चाऱ्याचं विचारलं तरी बरं. त्यांच्यापेक्षा यंत्र जास्त सांगायचं.

मग एके दिवशी मी शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं. मला वर्गसमीकरण शोधायचं होतं. चौकटीखाली आधी शोधलेल्या गोष्टींची यादी उघडली. त्यात माझी पुरणपोळी होती, आणि तिच्यावर हे होतं:

राम राम मी मेंढर राखतो उजव्या डोळ्यानं धुकं दिसतंय काय करावं

आबांना लिहिता येत नाही. माइकचं चित्र दाबून बोलायचं, एवढं त्यांच्यासोबत मेंढरांमागं असणाऱ्या माझ्या भावानं त्यांना शिकवलं असणार. आणि आबा यंत्राशी आधी राम राम करूनच बोलले होते. त्यांचं लिहिलेलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

त्याच्या वरती दुसरं होतं: राम राम परत मीच आहे ते धुकं अजून आहे.

आणि सगळ्यात वर, सगळ्यात नवीन: डोळ्याचं कोणाला कळू न देता औषध.

मेंढरं राखणाऱ्याचे डोळे जाणं म्हणजे काय, ते आमच्यात सांगावं लागत नाही. आबा शंभर पावलांवरून सांगतात, ती मेंढी कुणाची आणि तिचं कोकरू कुठल्या दिवशी झालेलं. ज्याला हे दिसेनासं होतं, त्याला गावी बसवतात, मेंढरं पुढं जातात. आई गेल्यापासून गावी बसायला आमच्या घरात कुणी सोबतही नव्हतं. म्हणून धुकं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. भावालाही नाही.

आणि यंत्रानं त्यांना मदत चालू केली होती. माझ्याही मोबाईलवर ती यायला लागली: डोळ्यात मध घाला. डोळ्यात कांद्याचा रस घाला. एक बाबा तर आल्याचे थेंब सांगत होता, आणि खाली हजार लोकांनी त्याला हात जोडले होते. आबा ते बघत होते, म्हणून आणखी येत होतं. आणखी येत होतं, म्हणून आबांना वाटत असणार, की सगळं जगच आलं घालतंय.

मी फोन लावला.

"आबा, डोळे कसे आहेत?"

"कुनाचे?"

"तुमचे."

"माझ्या डोळ्याला काय झालंय? तुला कुनी सांगितलं? दादानं का?"

"नाही, कुणी नाही. सहज विचारलं."

"मंग ठीक हाय. तुझे बघ. मोबाईल लई बघतीस म्हनं."

मी फोन ठेवला. यादी वाचली म्हटलं असतं तर आबांनी मोबाईल उचलून ओढ्यात फेकला असता, आणि माझी खिडकीच बंद झाली असती. भावाला सांगितलं असतं तर त्यानं दोन दिवसांत त्यांना पिशोरला आणून सोडलं असतं, काळजीपोटीच.

आता आमच्याकडं मेंढरं कशी वळवतात ते सांगते. शहरातली माणसं समजतात, मागून हाकललं की कळप चालतो. मागून हाकललं तर कळप फुटतो. कळपात एक म्होरक्या असतो. तो वळला की बाकीची मान खाली घालून त्याच्या मागं. म्हणून राखणारा कळपाच्या नादी लागत नाही, म्होरक्याच्या पुढं जाऊन उभा राहतो, आणि तोही असा, की आपण सहज उभे आहोत.

मी ठरवलं, आबांना हाकलायचं नाही. यंत्र वळवायचं.

बाईंनी यातली कळ दाखवली. नको त्या व्हिडिओवर तीन टिंबं दाबायची आणि 'यात रस नाही' म्हणायचं. हवा तो शेवटपर्यंत बघायचा, खाली अंगठा द्यायचा. मी मध, कांदा, आलं, सगळ्यांत रस नाही म्हणून टाकलं. आणि डोळ्यांचे डॉक्टर लावले. चार घरांच्या चार ओट्यांवर, पोळ्या लाटताना, भांडी विसळताना, डॉक्टर चालू. बीजगणित मी बंदच केलं, दोन्ही एकदम कसं चालणार? आमचे हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "तुला मोतीबिंदू झालाय का गं? सकाळपासून तेच ऐकतीस."

"मला नाही. मोबाईलला झालाय," मी म्हटलं.

यंत्र मोठं आज्ञाधारक. आठ दिवसांत वळलं, आणि जरा जास्तच वळलं. माझी भक्ती बघून त्यानं मला थेट ऑपरेशन दाखवलं. हा एवढा डोळा, चिमट्यानं उघडा धरलेला, आणि त्यात शिरणारी सुई. माझ्या हातातलं पातेलं पडलं. म्हटलं, हेच आता आबांना दिसणार! आपण एक वाट लावायला गेलो आणि पुढं कडा आणून ठेवला.

मग सुईत रस नाही, चिमट्यात रस नाही, डॉक्टरातही थोडा कमीच रस. मी नुसती वणवण करायला लागले. मला काय हवंय ते मला माहीत होतं, पण त्याला काय म्हणून शोधायचं, ते कळत नव्हतं. शेवटी मी आबांसारखंच केलं. माइक दाबला आणि म्हटलं, "राम राम, डोळ्याचं ऑपरेशन करून परत रानात गेलेला म्हातारा दाखवा."

तिसऱ्या दिवशी तो सापडला. कुठल्या तरी माळावर शेळ्या राखणारा, डोक्याला मळका फेटा, डोळ्याला काळा चष्मा. कॅमेऱ्याकडं न बघता बोलत होता: "काय न्हाई, मुंगी चावल्यावानी झालं. महिन्यानं ह्या बघा शेळ्या." आणि त्यानं लांबच्या एका शेळीला नावानं हाक मारली आणि ती आली. एवढंच. मिनिटभराचा तुकडा. मी तो किती वेळा बघितला, यंत्रालाच ठाऊक. बाईंनी बघितला, ह्यांनी बघितला, टँकरवाल्यालाही दाखवला. तो म्हणाला, "आपा, इतना तो मैं मेरी दुल्हन का फोटू नै देखा."

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. मी बीजगणित बंद करून महिना होत आला, तरी ते येतच होतं. मेंढ्या कमी झाल्या, पुरणपोळी गेली, पण समीकरणं रोज सकाळी पहिली. मला वाटलं, यंत्र आहे, त्याला सवय लागली असेल.

मग भावाचा फोन आला.

"आबांचं डोकं फिरलंय. म्हनतेत, शहरात जायचं, डोळा दावायचा. मला तर म्हाईत बी नव्हतं. अन् आत्ताच म्हनं, मेंढरं परत यायच्या आत."

"कोण म्हणालं त्यांना?"

"कोन म्हनंल? मोबाईल. त्यात एक म्हातारा हाय, आपल्यावानीच, त्यानं सांगितलं म्हनं."

लेकीनं विचारलं तर 'कुनाचे' आणि मोबाईलनं सांगितलं तर 'आत्ताच'. मला राग यायला हवा होता. मी देवापुढं साखर ठेवली, आणि थोडी मोबाईलपुढंही.

आबा एसटीनं आले, काठी आणि घोंगडी घेऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काही घातलंय का?" आबा म्हणाले, "न्हाई." बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मध आनला व्हता. पन घालायच्या आदी नातवंडांनी भाकरीसंगं खाल्ला." माझ्या एका महिन्याच्या राखणीपेक्षा पोरांची भूक आधी धावून आली होती.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आबांनी आधी खोलीचं छत बघितलं, मग दुचाक्या बघितल्या, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "लई वाळलीस गं." मी म्हटलं, डॉक्टरांनी जास्त बघू नका म्हणून सांगितलंय.

काळा चष्मा लावून ते चटईवर बसले आणि सवयीनं मोबाईल काढला. मी चहा ठेवत होते. बराच वेळ आवाज नाही, म्हणून वळून बघितलं तर मोबाईल नाकापाशी धरलेला, आणि बोट कोपऱ्यातल्या गोलावर.

"ही कोन हाय?"

मी चहात साखर घातली.

"मला वाटलं कंपनीचा शिक्का असंल. ही तर तू हायस." चष्मा वर करून त्यांनी पुन्हा बघितलं. "मंग त्यो म्हातारा... त्यो तू लावत व्हतीस का?"

"मी कशाला लावू? मशीन लावतं. आपोआप येतं ते."

"व्हय का."

"आणि आबा, ते गणित रोज सकाळी कोण लावतं? मी तर बंद केलंय."

आबांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मला काय ठावं. ते बी आपोआपच येत आसंल. तू ऐकायचीस तवा माझ्याकडं बी यायचं. मंग यायचं थांबलं. म्हटलं, पोरीनं सोडलं जनू. तवापासनं लावून ठिवतो... म्हंजे लागतंय. मेंढरं बी शांत बसत्यात. त्यो मास्तर म्हनतो, एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला बी करायचं. येवढं मला बी कळाया लागलंय."

चहा उतू गेला. तो पुसण्यात बराच वेळ गेला, आणि तो वेळ आम्हा दोघांनाही हवाच होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मी ह्याला जे इचारतो, ते तुला ऐकू येतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले.

महिनाभर ते आमच्याकडं राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना रोज खरी बातमी द्यायचे, की टाकीत किती पाणी आहे, कारण रोज जिना चढून स्वतः बघून यायचे, नवीन डोळा वापरायला मिळतोय म्हणून. साहेब मान डोलवायचे आणि मोबाईलमध्ये बघून खात्री करून घ्यायचे. मग आबा गेले. जाताना बाई म्हणाल्या, "आता ह्यांचं वेगळं खातं काढून देऊ का? तुमच्या दोघांचा घोळ तरी मिटेल." आबा म्हणाले, "कशाला उगा तरास, चाललंय की." मीही म्हटलं, चाललंय.

ते घाट उतरून गेल्यावर चारेक दिवसांनी मी काहीतरी शोधायला चौकटीवर बोट ठेवलं. यादी उघडली. सगळ्यात वर नवीन ओळ होती:

राम राम पोरीनं सतरा नंबरचा फॉर्म भरला का ते दाव

त्याखाली यंत्रानं, आपल्या समजुतीप्रमाणं, मेंढीबाजाराचे सात व्हिडिओ दिले होते. मी हात कोरडे केले, माइक दाबला आणि म्हटलं, "राम राम. उद्या भरते."

मग वर, पहिल्या मजल्यावर, बाईंची बेल वाजवली.